सासरे म्हणतात साडेतीन लाख, नवरा म्हणतो शून्य: घरात रोख ठेवायची तरी किती?

प्रश्न: ताई, आम्ही डोंबिवलीत राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी. सासऱ्यांची पेन्शन आहे. २०१९ मध्ये त्यांचं खातं असलेल्या एका सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि पैसे अडकले. पुढे ते मिळाले, पण तेव्हापासून पेन्शन जमा झाली की ते जवळजवळ सगळी काढून आणतात. आज कपाटाच्या लॉकरमध्ये ३ लाख ४० हजार आहेत. नवऱ्याचं याच्या अगदी उलट. त्याच्या पाकिटात पन्नासची नोटही नसते, सगळं फोनवर. गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता सासूबाईंना घेऊन हॉस्पिटलला धावलो. तिथल्या मेडिकलवर यूपीआय चालेना, कार्डाचं मशीन बंद. शेवटी सासऱ्यांनी पिशवीतून गड्डी काढली. त्या रात्रीपासून रोज एकदा तरी "बघितलंस?" ऐकावं लागतं, आणि नवरा चिडतो. नक्की किती रोख ठेवावी, आकडा सांगाल का? आणखी एक. सासूबाईंची जुनी पैठणी उन्हाला घातली तेव्हा घडीत २००० च्या तीन नोटा निघाल्या. त्यांचं आता काय करायचं? (ता. क. नणंद म्हणते, रोख कशाला, त्याचं सोनं करून ठेवा.)

उत्तर: आकडा आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायचा नाही. तुमच्या घरासाठी २५ हजार. सासऱ्यांना हे हास्यास्पद वाटेल, नवऱ्याला उगाच वाटेल. आता हा आकडा कुठून आला ते बघा, कारण शेजारणीने विचारलं तर तिचा वेगळा निघेल.

लोक मला विचारतात, पगाराच्या किती पट रोख ठेवू? पगाराचा इथे काही संबंध नाही. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी तजवीज हवी हे खरं, पण ती बँकेत, पोस्टात, मोडता येईल अशा ठेवीत. घरातली रोख फक्त एवढ्यासाठी, की बँकेतला पैसा तुमचाच आहे पण आज हाताला लागत नाही. तेव्हा विचारायचं ते असं: असे दिवस सलग किती येऊ शकतात, आणि त्या दिवसांत तुमच्या घराला रोखीशिवाय अडेल असं काय आहे?

यूपीआय बंद पडण्याचंच घ्या. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, देशभर यूपीआय अडकलं होतं. त्याआधी २६ मार्चलाही. दोन्ही वेळा काही तासांत सुरळीत झालं. अशा वेळी पाकिटात दोनेक हजार असले तरी माणूस रिक्षाने घरी येतो, येताना भाजी घेतो. त्यासाठी कपाट भरायला नको.

वादळ आणि पूर वेगळे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. वीज नाही म्हणजे टॉवर नाही, टॉवर नाही म्हणजे फोनमधला पैसा फोनमध्येच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा बँका आणि एटीएम पाण्याखाली होती. त्या दिवशी तिथल्या एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची रोकड जवळ घेऊन तासन्‌तास बसच्या टपावर बसून राहिले होते, आठवत असेल. तुम्ही चिपळूणच्या किंवा दापोलीच्या असतात, तर मी पंधरा-वीस दिवसांचा खर्च धरा म्हटलं असतं. मेळघाटात, भामरागडकडे, जिथे एटीएम गाठायला अर्धा दिवस मोडतो, तिथेही तेच. डोंबिवलीत २६ जुलै २००५ सारखा पाऊस झाला, तरी आठ-दहा दिवसांत कुठलं ना कुठलं एटीएम चालू होतं. म्हणून तुमच्यासाठी दहा दिवस.

आता दिवसाचा खर्च. ईएमआय, मुलीची फी, विजेचं बिल हे यात धरू नका, ते दहा दिवस थांबतं. दूध, भाजी, थोडा वाणी, रिक्षा, सासूबाईंच्या गोळ्या, मधेच मावशींचा पगार आला तर तो. पाच माणसांचं हे दिवसाला हजारात बसतं. दहा दिवसांचे दहा हजार. उरलेले पंधरा त्या रात्रीसाठी, जी तुम्ही नुकतीच काढलीत. कॅज्युअल्टीतली औषधं, एखादी तपासणी, गाडीभाडं. हॉस्पिटलचं मोठं डिपॉझिट यात धरलेलं नाही, आणि ते मुद्दाम. दोन-तीन लाखांचं बिल रोखीने भरायची वेळ येणार नाही, येऊ देऊही नये. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची २०१७ पासून बंदी आहे, हॉस्पिटललाही. मोठ्या बिलाला मेडिक्लेम, कार्ड, सकाळी उघडणारी बँक. सकाळपर्यंत निभावण्यापुरती रोख हवी. त्या रात्री सासऱ्यांच्या गड्डीतले खरोखर किती लागले, आठवून बघा बरं. मला वाटतं पाच-सहा हजारांवर नसतील. बाकीचे सव्वातीन लाख पिशवीत नुसतेच फिरून आले.

मी बँकेत बरीच वर्षं कॅशवर बसले. नोव्हेंबर २०१६ मध्येही काउंटरच्या आतल्या बाजूला मीच होते. ८ तारखेला रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या, १० तारखेपासून रांगा लागल्या. बदलून मिळणार फक्त ४ हजार, एटीएममधून दिवसाला २ हजार. ज्यांनी सगळ्यात जास्त रोख घरी ठेवली होती तीच माणसं त्या रांगेत सगळ्यात घाबरलेली असायची, कारण गड्ड्या हजाराच्या आणि पाचशेच्या. आणि एक आजी आल्या होत्या, पैसे बदलायला नव्हे, पेन्शन आली का एवढंच बघायला. "माझं काही अडलं नाही बाई, माझ्याकडे शंभराच्या आहेत," म्हणाल्या. डब्यात शंभर-शंभर करून साठवलेले. पुढे गुलाबी २००० ची नोट हातात आली, तर ती घेऊन लोक मेडिकलवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत मोड मागत हिंडत होते. सासऱ्यांना हे दिवस आठवून द्या. २०१९ चा धडा त्यांनी पक्का धरलाय, त्याच्या तीनच वर्षं आधीचा मात्र विसरलेत.

म्हणून २५ हजार कसे ठेवायचे हे किती ठेवायचे याहून महत्त्वाचं आहे. पाचशेच्या तीस नोटा, शंभराच्या सत्तर, पन्नासच्या चाळीस, उरलेले हजार दहा-वीसमध्ये. रात्री दोन वाजता रिक्षावाला दीडशे सांगतो आणि तुमच्या हातात पाचशेची नोट असते, तेव्हा "राहू दे" म्हणण्यावाचून काय करणार? शंभराच्या करकरीत गड्डीसाठी हटून बसू नका, वापरातल्या नोटा बऱ्या. नव्या नोटा एकमेकींना चिकटतात, घाईत दोनाच्या तीन जातात.

ठेवायच्या कशा? रबर लावू नका. आमच्याकडे पावसाळ्यानंतर लोक गड्ड्या घेऊन यायचे. रबर विरघळून नोटांना असं चिकटलेलं असायचं की सोडवताना वरच्या नोटेचा पापुद्रा निघायचा. स्टेपलर तर नकोच. कागदी पाकिटात घाला, ते पाकीट झिपच्या पिशवीत, आणि कपाटाच्या वरच्या खणात. तुरीच्या डाळीचा डबा, देवघराचा खण, गादीखाली, या जागा चोराला तुमच्याआधी ठाऊक असतात. नोटा भिजल्या किंवा वाळवीने खाल्ल्या तरी धीर सोडू नका. कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळतात. पन्नास किंवा त्याहून मोठ्या नोटेचा ८० टक्क्यांहून जास्त भाग शाबूत असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्क्यांत असेल तर निम्मी. जळून कोळसा झालेल्या, हात लावला तर तुटतील अशा नोटा मात्र रिझर्व्ह बँकेतच न्याव्या लागतात. आणि चोरी झाली तर विमा आहे असं समजू नका, घराच्या बहुतेक पॉलिसींत रोख धरलेली नसते. बँकेच्या लॉकरचाही उपयोग नाही. त्याच्या करारातच लिहिलेलं असतं की आत रोख ठेवायची नाही, आणि तसाही तो रात्री दीड वाजता कोण उघडून देणार?

पाकिटावर रक्कम लिहा. कुणी काढले तर आत चिठ्ठी टाकायची: तारीख, किती, कशाला. हे आवर्जून सांगते. घरातली अडीअडचणीची रोख चोर नेत नाहीत, ती भिशीच्या हप्त्याला जाते, मग कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराला जाते, आणि वेळ येते तेव्हा पाकिटात सातशे रुपये असतात. पाकीट कुठे आहे हे निदान दोघांना माहीत हवं. मुलगी सातवीत आहे, तिलाही सांगायला हरकत नाही, फक्त शाळेत बोलायचं नाही हे बजावून.

आता नवरोबांकडे वळते, कारण पत्र वाचून माझी खरी चिंता त्यांची आहे. सगळं फोनवर चालतं, कबूल. पण फोन कुणाचा? यूपीआयचा पिन कुणाच्या डोक्यात? उद्या स्ट्रेचरवर सासूबाईंच्या जागी तेच असले तर? पगाराचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर असेल आणि तुम्ही घरखर्चाला महिन्याचे ठरावीक पैसे घेत असाल, तर त्या रात्री घरातला सगळा पैसा त्यांच्या अंगठ्याला बांधलेला असेल. हे ऐकायला अभद्र वाटतं, पण काउंटरवर अशा बायका मी पाहिल्यात. नवऱ्याचं पासबुक हातात, खात्यात रक्कम भरपूर, आणि मला मान हलवून नाही म्हणावं लागायचं. माणूस गेल्यावर त्याचं एटीएम कार्ड वापरणं हेही नियमात बसत नाही, लोक वापरतात ती गोष्ट वेगळी. तेव्हा २५ हजारांच्या आधी त्यांच्याकडून हे करून घ्या: एक खातं दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' अशा पद्धतीचं, त्यात महिना-दीड महिन्याचा खर्च कायम पडून, आणि त्याचं कार्ड तुमच्या पर्समध्ये. बाकीच्या प्रत्येक खात्याला वारस, म्हणजे नॉमिनी, नेमलेला आहे का ते तपासा. हल्ली एका खात्याला चार जणांपर्यंत नावं लावता येतात. आणि त्यांच्या पाकिटात दोन हजार. यावर वाद नको.

सासऱ्यांचं समजूतदारपणे घ्यावं लागेल. त्यांची भीती खोटी नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह म्हणजे पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिला आदेश काय होता? सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १ हजार रुपये. ती मर्यादा हळूहळू वाढत गेली, पण पहिल्या दिवशी दारात उभ्या असलेल्या माणसाला हजारच सांगितले होते. १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर तीच पाळी आली. सुरुवातीला काहीच काढता येईना, २७ तारखेपासून २५ हजारांपर्यंत मुभा मिळाली. हे ज्याने भोगलंय त्याला "बाबा, बँका सुरक्षित असतात" म्हणून काय उपयोग?

पण २०१९ नंतर दोन गोष्टी बदलल्या, त्या त्यांना कुणी नीट सांगितलेल्या दिसत नाहीत. ठेवींचा विमा तेव्हा १ लाखाचा होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा झाला. एका बँकेत एका माणसाचे मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत. आणि २०२१ मध्ये कायदा बदलला. बँकेवर निर्बंध आले की विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायचे, बँक बुडेपर्यंत वाट बघायची नाही. म्हणजे साधारण तीन महिने काढायचे आहेत. ते काढायला दुसऱ्या बँकेत खातं पुरतं, साडेतीन लाखांची पिशवी लागत नाही. एक सूचना मात्र द्याच: हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. त्या दीड टक्का जास्त व्याज देतात म्हणून सासरे तिकडे वळू नयेत.

तरीही बँक नकोच म्हणाले तर पोस्टात न्या. आमच्या बँकवाल्यांना हे सांगताना जरा जड जातं, पण त्यांच्यासाठी पोस्टच बरं. पोस्टातल्या पैशाला थेट केंद्र सरकारची हमी, पाच लाखांची मर्यादाही नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अडीच लाख घाला, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येईल. उरलेले पोस्टाच्या बचत खात्यात, त्याला एटीएम कार्डही मिळतं. आज त्यांचे ३ लाख ४० हजार कपाटात बसून आहेत. नुसते ७ टक्के धरले तरी वर्षाला २३,८०० रुपये होतात. तुमच्या घरातल्या रोखीचं अख्खं पाकीट दर वर्षी हवेत जातंय म्हणायचं.

भरायला जाताना ते घाबरतील, आयकरवाले विचारतील म्हणून. घरी रोख किती ठेवावी यावर कायद्याची मर्यादा नाही, पैसा कुठून आला हे सांगता आलं पाहिजे एवढंच. त्यांचं तर सोपं आहे. पेन्शन जमा झाल्याची आणि काढल्याची ओळ न ओळ पासबुकात आहे. ती पासबुकं आणि पॅन कार्ड सोबत घ्या. कुणीतरी सांगेल की चाळीस-चाळीस हजार करून भरा म्हणजे लक्षात येत नाही. अजिबात ऐकू नका. सरळ पैसा सरळ भरावा. तुकडे पाडले की उलट शंका येते.

त्यांना "तुमचं चुकलं" असं मात्र म्हणू नका. त्या रात्री पैसे त्यांच्याकडूनच निघाले, हे तुमच्या नवऱ्याने एकदा तोंडाने कबूल करावं. अर्धं भांडण तिथेच मिटेल. मग २५ हजारांचं पाकीट सासऱ्यांच्याच ताब्यात द्या. मोड आणून ठेवणं, दिवाळीच्या साफसफाईत नोटा काढून बघणं, चिठ्ठ्या जमवणं, हे त्यांच्याइतकं चोख दुसरं कुणी करणार नाही. पहिल्या महिन्यात पंचवीसच्या जागी पन्नास ठेवतो म्हणाले तर ठेवू द्या. साडेतीन लाखांवरून पन्नासवर आलेला माणूस पुढे आपसूक खाली येतो.

पैठणीतल्या नोटांचं. २००० ची नोट मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली, पण रद्द झालेली नाही. बँकांत बदलायची मुदत मात्र ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. आता रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात द्यायच्या, तुम्हाला बेलापूर जवळ. ओळखपत्र आणि खात्याचा तपशील न्या, पैसे खात्यात जमा होतात. जायला जमत नसेल तर टपालाने पाठवायचीही सोय आहे. त्याच घडीत जुन्या पाचशे-हजाराच्या निघाल्या असत्या तर मात्र काही करता आलं नसतं.

पण त्याआधी एक विचारते. त्या नोटा सापडल्याचं तुम्ही घरात कुणाकुणाला सांगितलंत? ते सहा हजार सासूबाईंचे आहेत. सासऱ्यांनी गड्डी काढली त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी आपली सोय करून ठेवलेली होती. त्या नोटा त्यांच्या हातात द्या, बदलून आणायच्या का विचारा, आणि घराच्या हिशेबात धरू नका. २०१६ मध्ये किती बायकांना असे पैसे नवऱ्यासमोर, मुलांसमोर मोजून दाखवावे लागले ते मी काउंटरवरून बघितलंय. काहींना ते परत मिळालेच नाहीत. त्यांचं स्वतःचं खातं नसेल तर पोस्टात सासऱ्यांसोबत त्यांचंही उघडा, एकटीच्या नावाचं, वारस कोण ते त्या सांगतील तो.

नणंदेला सांगा, सोनं जरूर घ्या, पण ते या कामाचं नाही. रात्री दीड वाजता मेडिकलवाला बांगडी घेत नाही. दुसऱ्या दिवशी सोनाराकडे गेलात तर तो घट धरणार, घडणावळ परत देणार नाही, आणि घाईत आहात हे तुमच्या तोंडावरून ओळखणार.